चार घरांचं गणित

नाशिकचा एसटीडी कोड ०२५३. हा आकडा स्प्रेडशीटच्या रकान्यात टाइप करून एंटर दाबलं, की समोर २५३ उरतो. माजी विद्यार्थ्यांची यादी करताना मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ते शून्य तीनदा भरलं आणि तीनदा ते नाहीसं झालं. यंत्राचं तसं काही चुकलेलं नव्हतं. डावीकडच्या शून्याला किंमत नसते हे आपणच शाळेत घोकलेलं. फक्त ०२५३ ही किंमत नव्हतीच. ती चार घरांची खूण होती, आणि यंत्राला ते सांगायचं राहून गेलं होतं.

डावीकडच्या शून्याचं महत्त्व नाशिकपासून हाकेच्या अंतरावर, देवळालीत, एका शाळामास्तरांनी फार आधी कागदावर दाखवून ठेवलं होतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ हा आकडा आता जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो. कृती चौथीच्या मुलाला जमेल अशी आहे. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

आता १००० घ्या. १००० वजा ०००१, उत्तर ९९९. इथे जरा थांबायचं. हे ९९९ आहेत की ०९९९? तीन घरं धरली तर पुढची पायरी ९९९ वजा ९९९, म्हणजे शून्य, आणि खेळ खलास. चार घरं धरली तर ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. तिथून ८०८२, मग ८५३२, आणि मग ठरल्याप्रमाणे ६१७४. कृती तीच, सुरुवात तीच, वजाबाकीत कुठे चूक नाही, तरी उत्तरं दोन. फरक एवढाच की आकडा किती घरांत राहतो हे एकदा ठरवलं आणि एकदा गृहीत धरलं. प्रोग्रामिंगच्या वर्गात कापरेकरांची कृती लिहायला दिली की माझ्या बघण्यातले बहुतेक पहिले प्रोग्राम १००० वर येऊन शून्यात जातात, ते याच कारणाने.

ही पुस्तिका त्या दोन उत्तरांविषयी आहे. संगणक पूर्णांक आणि अपूर्णांक कुठे, किती घरांत आणि कोणत्या पद्धतीने ठेवतो, आणि एकच प्रोग्राम दोन प्रकारच्या यंत्रांवर वेगवेगळं का बोलतो, हा तिचा विषय. तो सांगायला कापरेकरांपासून सुरुवात करणं ही नाशिककराची हौस आहे असं कुणी म्हणालं तर मी नाकारणार नाही. पण कारण त्याहून पक्कं आहे.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही. ६१७४ त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्यांची नीट ओळख झाली. आपल्याकडच्या जाणत्या गणितज्ञांचा आक्षेप असा की हे सगळे गुणधर्म संख्येचे नव्हेत, तिच्या लिखाणाचे आहेत. दहाच्या पायाऐवजी दुसरा पाया घ्या, घरं चाराऐवजी पाच करा, आणि ६१७४ची जादू उडून जाते. हे खरंच आहे. तीन घरांत ४९५ येतो. दोन घरांत आकडे एका जागी ठरतच नाहीत, ०९, ८१, ६३, २७, ४५ असे फिरत राहतात. पाच घरांतही एक असा मुक्काम नाही.

गणितज्ञांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि नेमका त्याचसाठी कापरेकर हा माणूस आम्हा प्रोग्रामिंगवाल्यांचा वाटतो. संगणकाच्या पोटात निव्वळ संख्या नसतेच. असतं ते लिखाण: पाया दोनचा, घरं मोजकी, आणि घरं संपली की काय करायचं याची त्या यंत्राची स्वतःची रीत.

घरं संपतात म्हणजे काय होतं, यासाठी कापरेकरांच्याच डेम्लो संख्या घेऊ. नाव रेल्वे स्टेशनाचं आहे. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, आणि जीआयपी रेल्वेच्या त्या स्टेशनावर ही कल्पना सुचली असं सांगतात. त्यातल्या सगळ्यांत देखण्या म्हणजे नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग: ११चा १२१, १११चा १२३२१, ११११चा १२३४३२१. चढायचं आणि तसंच उतरायचं, जिन्यासारखं. हा जिना प्रत्येक यंत्रावर वेगळ्या पायरीला तुटतो.

महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत निळ्या पडद्याचं टर्बो सी जग पुढे गेल्यावरही वर्षानुवर्षं टिकून होतं. त्यात पूर्णांकाला सोळा बिट, म्हणजे दोनच्या पायाची सोळा घरं. वरची मर्यादा ३२,७६७. १११चा वर्ग त्यात सुखाने बसतो. ११११चा वर्ग मागितला की येतो उणे १०,८६३. बत्तीस बिटांत जिना अजून दोन पायऱ्या जातो आणि १,११,१११वर तुटतो: खरं उत्तर १२,३४,५६,५४,३२१, पडद्यावर उणे ५३,९२,४७,५६७. चौसष्ट बिटांत एकांची संख्या दहा अंकांपर्यंत चालते, अकरा अंकांचा वर्ग मावत नाही. शाळेत आपण हातचा शेजारच्या घरात देतो. इथे शेजारचं घरच नाही, म्हणून हातचा हवेत जातो, आणि उरलेल्या घरांतला सर्वांत डावीकडचा बिट उणे चिन्हाचा असल्याने बेरीज-गुणाकार करता करता आकडा खालच्या टोकाकडून परत येतो. जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर ०००००वर यायचा, त्याचंच हे भावंड. फक्त स्कूटर कधी उणे किलोमीटर दाखवत नसे.

अपूर्णांकांसाठी असलेल्या फ्लोटिंग पॉइंटची तऱ्हा निराळी. त्यात अंकांची घरं ठरलेली, पण दशांशचिन्ह हवं तिकडे सरकतं. आपण ‘सुमारे सव्वा कोटी’ म्हणतो तसा हा व्यवहार. म्हणून आकडा फुटत नाही, तो शेपटीकडून झिजतो. बत्तीस बिटांच्या फ्लोटमध्ये नेमकेपणाला चोवीस बिट मिळतात, आणि ११,१११चा वर्ग १२,३४,५४,३२१ ऐवजी १२,३४,५४,३२० असा निघतो. चौसष्ट बिटांच्या डबलमध्ये त्रेपन्न बिट मिळतात. ९००७१९९२५४७४०९९२च्या पलीकडे प्रत्येक पूर्णांकाला स्वतःची जागा उरत नाही. नऊ एकांचा वर्ग, जिन्यांतला सर्वांत सुंदर, १२३४५६७८९८७६५४३२१ हा असतो. जावास्क्रिप्टला साध्या आकड्यांत विचारा, शेवटचा १ जाऊन ० आलेला दिसेल. उणे उत्तर आलं तर विद्यार्थी दचकतो आणि चूक शोधतो. इथे सोळा अंक बरोबर असतात आणि सतरावा चुकलेला, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या मते दुसरी चूक जास्त वाईट.

(जाता जाता: कापरेकरांनी आपल्या गावावरून नाव दिलेल्या ‘देवळाली संख्या’ आहेत, ज्यांना ते स्वयंभू म्हणत. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या संख्या तयार होत नाहीत त्या. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात, म्हणून २१ स्वयंभू नाही, २० आहे. ३१, ५३ आणि ६४ या तिन्ही देवळाली संख्या आहेत. बत्तीस बिटांच्या पूर्णांकातले चिन्ह सोडून उरलेले बिट, डबलचा नेमकेपणा आणि आजच्या प्रोसेसरची रुंदी. हा निव्वळ योगायोग आहे, पण मास्तरांना आवडला असता.)

आता ०.१कडे येऊ, कारण या विषयावर बोलणारा प्रत्येकजण तिथेच येतो. ०.१ अधिक ०.२ केले की संगणक ०.३०००००००००००००००४ देतो, हे आता विनोदासारखं झालंय. कारण सांगताना मी पावकी-निमकीपासून सुरू करतो. पूर्वी मराठी शाळांत मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, थेट औटकीपर्यंत म्हणत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. हे सगळे अर्धे करत जाऊन मिळणारे भाग. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. शेराचा अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. पै मात्र आण्याचा बारावा भाग, ती या मांडणीत मोडता घालते. बाकी सगळा बाजार दोनच्या पायावर चालला होता. आजच्या संगणकात एक आणा, म्हणजे ०.०६२५ रुपया, तंतोतंत बसतो, एका बिटात. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर भाग झाले, आणि माणसाला हिशेब सोपा झाला. यंत्राला नाही. एकशतांश किंवा एकदशांश दोनच्या पायात लिहायला गेलं तर दहाच्या पायात एकतृतीयांश जसा ०.३३३… असा संपत नाही, तसाच तो संपत नाही. कुठेतरी कापावा लागतो.

कापलेल्या तुकड्याची किंमत २५ फेब्रुवारी १९९१ला सौदी अरेबियातल्या धाहरान इथे मोजली गेली. तिथल्या पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत होतं, आणि तो ०.१ चोवीस बिटांच्या घरात कापून बसवला होता. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिल्यावर घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदांनी चुकलं. येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. ते अडवलं गेलं नाही, आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. घड्याळाचा ठोका सेकंदाचा दहावा भाग न ठेवता सोळावा, म्हणजे ‘एक आणा’ ठेवला असता, तर निदान कापाकापीची ही चूक तिथे शिरली नसती.

आपल्याकडे याचं रोजचं रूप साधं आहे. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलमागे रुपयांत पुकारला जातो. मग वजन, तोलाई, हमाली असं सगळं होऊन शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. अशी पट्टी छापणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याला मी एकच सांगतो: रुपये अपूर्णांकात ठेवू नका, सगळं पैशांत मोजा, पूर्णांकात, आणि रुपये शेवटी छापताना करा.

इथवर जे सांगितलं ते एका यंत्राचं झालं. दोन यंत्रांचा तंटा मला वर्गात भेटला. एका मुलाने प्रयोगशाळेतल्या पीसीवर आणि तोच प्रोग्राम आपल्या मोबाइलवर चालवला. तीन अब्ज हा आकडा डबल म्हणून वाचायचा आणि बत्तीस बिटांच्या पूर्णांकात बदलून छापायचा, इतकंच काम. पीसीने छापलं उणे २,१४,७४,८३,६४८. मोबाइलने छापलं २,१४,७४,८३,६४७. दोन्ही पडदे शेजारी धरून तो म्हणाला, “सर, कोणाचं खरं धरायचं?”

इंटेल वळणाच्या प्रोसेसरची रीत अशी की मावत नसेल तर सर्वांत खालचं टोक द्यायचं, ‘बसलं नाही’ याची खूण म्हणून. मोबाइलमधल्या एआरएम प्रोसेसरची रीत, मावेल तेवढं काठोकाठ भरून द्यायचं. आणि सी भाषेचा नियम या बाबतीत काहीच सांगत नाही. असं करू नका, एवढंच त्याचं म्हणणं. मुलाला मी म्हटलं, यंत्रं दोन्ही खरी, प्रोग्राम तेवढा खोटा. त्याचं समाधान झालं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. ४ जून १९९६ला युरोपचं पहिलं एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे सदतीस सेकंदांत वाकडं होऊन फुटलं, तेही अशाच बदलामुळे. चौसष्ट बिटांचा फ्लोटिंग आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात घालायचा होता. हे सॉफ्टवेअर एरियन-४साठी लिहिलेलं होतं, आणि त्या हळू रॉकेटवर तो आकडा कधी तेवढा मोठा झालाच नव्हता.

शून्याने भागण्याचंही तसंच. पूर्णांकाला शून्याने भागलं तर इंटेलवर प्रोग्राम बंद पडतो, चौसष्ट बिटांच्या एआरएमवर उत्तर शून्य येतं, आणि रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर उणे एक. फ्लोटिंग पॉइंटमध्ये मात्र सगळीकडे ‘अनंत’ येतं, आणि त्यात कोणतीही साधी संख्या मिळवली तरी ते अनंतच राहतं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिचं वर्णन असंच केलं होतं. एका ठिकाणी मात्र प्रोसेसर त्यांच्याशी सहमत नाही. त्यांच्या लीलावतीत शून्याने गुणून मग शून्यानेच भागलेली संख्या मूळची तशीच समजायची असते. प्रोसेसर तिथे ‘ही संख्या नव्हे’ असं उत्तर देऊन मोकळा होतो.

या रीती इतक्या तरी जुळल्या कशा, हा इतिहास आपल्या राज्यातल्याच यंत्रांवरून सांगता येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला, त्याचा शब्द चाळीस बिटांचा. तिथेच १९६४मध्ये सीडीसी ३६०० आला, अठ्ठेचाळीस बिटांचा, आणि त्याच्या पूर्णांकांत शून्यं दोन होती, एक अधिक आणि एक उणे. त्याच साली जाहीर झालेल्या आयबीएम ३६०च्या फ्लोटिंग आकड्यांचा पाया दोनही नव्हता, सोळा होता. तेव्हा एका यंत्रावर तपासलेलं गणित दुसऱ्यावर नेणं म्हणजे दुसऱ्या संस्थानात जाऊन तिथलं नाणं मोडून घेण्यासारखं होतं. विल्यम काहान या गणितज्ञाच्या चिकाटीने आणि इंटेलच्या ८०८७ या चिपच्या निमित्ताने १९८५मध्ये आयईईई ७५४ हे मानक ठरलं: किती बिट, गोळाबेरीज (म्हणजे न मावणारा आकडा जवळच्या मावणाऱ्या आकड्यावर आणणं) कशी करायची, अनंत कसं लिहायचं. १९९१मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक बांधला, तेव्हा त्यातले ट्रान्सप्यूटर प्रोसेसर हेच मानक बोलत होते.

मानक आलं तरी तंटे पुरते मिटले नाहीत. जुन्या पीसीतला गणिती भाग आकडा मोजताना आत ऐंशी बिटांत ठेवी आणि बाहेर मेमरीत टाकताना चौसष्टात कापी. त्यामुळे चूक शोधायला मधे एक प्रिंट टाकली की उत्तरच बदलायचं, आणि प्रिंट काढली की चूक परत. नव्या प्रोसेसरांत गुणाकार आणि बेरीज एका दमात करून एकदाच गोळाबेरीज करण्याची सोय आहे. ती जास्त नेमकी आहे, पण एका कंपायलरने ती वापरली आणि दुसऱ्याने नाही, की शेवटचा अंक वेगळा. बेरजेचा क्रमही इथे बोलतो: डबलमध्ये १ वर सोळा शून्यं एवढ्या आकड्यात १ मिळवून तोच मोठा आकडा वजा केला तर हाती शून्य येतं; आधी वजा करून मग १ मिळवला तर १. हजारो प्रोसेसर एकच बेरीज वाटून घेतात, तेव्हा आधी कोण पोचेल यावर क्रम ठरतो.

शेवटच्या अंकाने काय बिघडतं, असं विचारणाऱ्याला निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत न्यावं. अवकाळी पावसाचा अंदाज फोनवर बघणाऱ्या बागायतदारापर्यंत जे येतं, ते मोठ्या यंत्रांवर चालणाऱ्या फ्लोटिंग पॉइंटच्या गणितातूनच येतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८पासून ‘प्रत्यूष’ हे असंच एक यंत्र होतं. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झने १९६१मध्ये आपल्या छोट्या हवामान-प्रारूपाला ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ दिला, आणि काही काळाने त्याचं हवामान पहिल्याशी ओळख न सांगण्याइतकं वेगळं झालं. म्हणून हवामानाचं प्रारूप नव्या यंत्रावर नेताना हवामानाचे अभ्यासक आधी एक गोष्ट तपासतात: उत्तर बिटाबिटाने तेच येतं का. येत नसेल, तर फरक यंत्राचा की कुणी गणितात केलेल्या बदलाचा, हे ओळखण्यात दिवस जातात. अंदाज चुकण्याची बहुतेक कारणं वातावरणात असतात, अंकांत नव्हे, हेही इथे नोंदवून ठेवतो. नाहीतर प्रत्येक गारपिटीचं खापर गोळाबेरजेवर फुटेल.

पुढच्या पानांतली उदाहरणं अशी निवडली आहेत की ती साध्या मोबाइलवर आणि कुठल्याही जुन्या पीसीवर चालवून बघता येतील. दोन्हींवर चालवा, एकावर चालवून पुढे गेलात तर अर्धं पुस्तक वाचायचं राहिलं. बारावीचं गणित पुरेसं आहे, पुष्कळ ठिकाणी चौथीचंही. पहिला प्रयोग १०००चाच आहे.

एक शेवटची नोंद छपाईविषयी. पहिलं प्रूफ हातात आलं तेव्हा कापरेकरांच्या प्रकरणातल्या सगळ्या डावीकडच्या शून्यांवर तांबड्या शाईने काट मारलेली होती, आणि समासात लिहिलं होतं, ‘जास्तीची शून्यं काढली’. ती सगळी मी परत घालून घेतली आहेत. पान उलटल्यावर ०९९९ दिसेल. ती छपाईची चूक नाही.